सोळा खुंट्या

"समीनामॅडम, तुमचे चारही तानपुरे अडकलेत," परुळेकर फोनवर म्हणाले आणि माझ्या हातातला चहा नव्याकोऱ्या तबलीवर सांडला.

तबली म्हणजे तानपुऱ्याच्या भोपळ्यावर बसते ती लाकडाची पातळ फळी. तिच्यावर पाण्याचा थेंब पडला तरी अब्बा घर डोक्यावर घ्यायचे. ते पलीकडे दांडी तासत बसले होते. त्यांनी आधी तबलीकडे पाहिलं, मग माझ्याकडे. मी ओढणीनं चहा टिपत फोनवर ओरडले, "अडकले म्हणजे? विमान चुकलं का?"

"विमान शनिवारी रात्री आहे, जागाही आहे. पण तुम्ही बिलावर काय लिहिलंय? खुंट्या, अस्सल शिसव. अहो, दोन तारखेपासून शिसवाचा नियम लागतोय. रविवार सुटीचा, तुमचा माल हॉलंडात तपासणीला येणार सोमवारी सकाळी. म्हणजे बरोब्बर दोन तारखेला."

परुळेकर मुंबईचे, परदेशी माल पाठवण्याची कागदपत्रं करणारे. त्यांनी जे सांगितलं ते असं, की शिसवाची झाडं जगभर बेसुमार तोडली जात होती, म्हणून पुष्कळ देशांनी मिळून ठरवलं होतं. नव्या वर्षापासून शिसवाचा ओंडका असो, कपाट असो की बोटाएवढी खुंटी असो, परवान्याशिवाय सीमा ओलांडायची नाही. गिटार बनवणाऱ्या गोऱ्या कारागिरांची तारांबळ उडाली होती म्हणे. आणि मिरजेत मी, तारीख एकोणतीस डिसेंबर, हातात चहानं भिजलेली ओढणी.

"मग परवाना काढूया की!"

"दोन महिने लागतील. कमीत कमी."

रॉटरडॅमच्या संगीतशाळेनं मला पाच जानेवारीची मुदत दिली होती. पाचला तानपुरे आले नाहीत तर ते दुसरीकडून घेणार होते. तसं त्यांनी गोड शब्दांत कळवलंही होतं.

मी फोन ठेवला. अब्बा म्हणाले, "तबलीला डाग राहिला तर ती तुझ्या बापाच्या डोक्यावर बसवीन."

"माझा बाप तुम्हीच आहात, अब्बा."

"म्हणूनच म्हणतो, जपून."

घरात आम्ही दखनी बोलतो, पण ही गोष्ट मी मराठीत सांगतेय, तर सगळ्यांना मराठीतच बोलवते. तेव्हा मी चोवीस वर्षांची होते. घरात तीन पिढ्या तानपुरे बनत होते आणि आमच्या कारखान्याचं नाव होतं ते खुंट्यांमुळे. तानपुऱ्याच्या तारा ज्या पिळून सुरात आणायच्या त्या चार खुंट्या. आमची खुंटी एकदा लावली की हलत नाही, असं गवई सांगायचे. काळीभोर, तुकतुकीत. प्रत्येक तानपुऱ्याच्या आत आम्ही एक चिठ्ठी चिकटवायचो. आजोबांचं नाव, मिरजेचा पत्ता आणि खाली 'खुंट्या : अस्सल शिसव'. माझं अक्षर बरं म्हणून बाराव्या वर्षापासून त्या चिठ्ठ्या मीच लिहीत होते. हॉलंडच्या बिलावरही मी तेच मोठ्या दिमाखात इंग्रजीत उतरवलं होतं. शाळेच्या लोकांना कळायला नको, काय चीज घेताय ते?

ती ऑर्डर मी मिळवली होती. मुंबईचा व्यापारी मध्ये न घेता, थेट, रात्रंदिवस पत्रं लिहून. अब्बांशी माझा करार झाला होता. चार तानपुरे रॉटरडॅमला पोचले तर कारखान्याच्या पाटीवर माझं नाव लागणार. नाही पोचले तर फेब्रुवारीत पुण्याला खालाकडे, म्हणजे मावशीकडे, जायचं आणि बँकेच्या परीक्षेचा क्लास लावायचा. बँकेच्या परीक्षेला माझी हरकत नव्हती, फक्त मला बँकेत काम करायचं नव्हतं.

मला एकदम सुचलं. मी उभीच राहिले. "अब्बा, अडचण खुंट्यांचीच आहे ना? बाकी लाकूड तर तुणीचं! चार तानपुरे, चार-चार खुंट्या. सोळा खुंट्या बदलायच्या. दुसऱ्या लाकडाच्या घालायच्या, तिथंच, मुंबईत. बिल नवं करायचं. शनिवारी रात्री माल विमानात!"

मला वाटलं ते खूश होतील. अब्बांनी रंधा खाली ठेवला. "खुंट्या बदलायच्या नाहीत."

"का?"

"बसलेली खुंटी काढू नये."

"आणि तानपुरे तिथंच पडून राहिले तर चालेल?"

ते हात पुसत राहिले. त्यांच्या बोटांची टोकं कायम काळी असायची. शिसवाचा रंग लागतो, असं ते म्हणायचे. वर्षातून दोनदा, दोन्ही ईदच्या सकाळी, ते मोरीवर बसून अर्धं लिंबू घेऊन बोटं घासायचे आणि नमाजला स्वच्छ हातांनी जायचे. लहानपणी लिंबू कापून देणं हे माझं काम होतं.

मी तरातरा मागच्या पडवीत गेले. तिथं राजारामकाका खुंट्या कातायचे. आजोबांच्या वेळेपासूनचा माणूस. त्यांच्या मागे एक कुलपाची खोली होती. तिच्यात पिंप होतं, वास यायचा, आणि मला आत जायला मनाई होती. पॉलिशची औषधं, डोळे जातील, असं अब्बांनी सांगून ठेवलेलं.

"काका, सोळा खुंट्या पाहिजेत. शिसव सोडून कुठलंही टणक लाकूड. उद्या सकाळच्या आत. होतील?"

काका माझ्याकडे बघतच राहिले. "अब्बास्नी इचारलंस का?"

"विचारलं. नाही म्हणाले."

"मग?"

"मग तुम्हाला विचारतेय."

काका उठले, कोपऱ्यातलं पोतं ओढलं आणि त्यातनं खुंट्यांचा एक जुडगा काढून माझ्या ओंजळीत टाकला. पिवळसर तांबूस लाकूड, सुबक कातलेलं. मोजल्या तर अठरा निघाल्या.

"ह्या तयार कशा?"

"अस्त्यात पडून," काका म्हणाले आणि लगबगीनं पुन्हा कामाला बसले. "बाभळीच्या हायत. घट्ट ऱ्हात्यात. जा आता."

कुणीतरी स्वस्तातल्या तानपुऱ्यासाठी सांगून मग नेल्या नसतील, असं मला वाटलं. विचार करायला वेळ कुणाला होता? मी नाचायचीच बाकी होते. सोळा हव्या होत्या आणि अठरा मिळाल्या होत्या, वर दोन शिल्लक!

दुसऱ्या दिवशी सकाळी मी स्टेशनवर उभी होते. पिशवीत खुंट्या, कानशी, पॉलिश पेपर, खडूचे तुकडे. कोयना एक्स्प्रेस फलाटाला लागली आणि मागून आवाज आला, "एकटी जाणार होतीस?"

अब्बा. हातात जेवणाचा डबा, अंगात ईदचा कोट.

"तुम्ही तर नाही म्हणालात."

"खुंट्या बदलायला नाही म्हणालो. मुंबईला जायला नाही म्हणालो नव्हतो."

मला इतका आनंद झाला की सातारा येईपर्यंत मी बडबडत होते. खुंटी कशी काढायची, भोक कसं साफ करायचं, एका खुंटीला किती मिनिटं, सोळांना किती. अब्बा खिडकीतून उसाचे फड बघत होते. मध्येच म्हणाले, "तू एकतरी खुंटी बसवलीयस का आजपर्यंत?"

"तुम्ही कधी बसवू दिलीत?"

ते हसले. पुण्यानंतर ते पुन्हा खिडकीकडे वळले. एकदा त्यांनी माझ्या पिशवीत हात घालून एक खुंटी काढली, अंगठ्यानं कुरवाळली आणि परत ठेवली. काही बोलायचं असावं असं वाटलं. मग त्यांनी डोळे मिटून घेतले.

शनिवारी सकाळी नऊला आम्ही विमानतळाजवळच्या मालगोदामात होतो. परुळेकर दारातच भेटले, बुटके, घामाघूम, बगलेत फायली. "दोन वाजता माल घेणं बंद. नंतर मी तर सोडा, कुणी काही करू शकत नाही. चला."

चारही पेट्या उघडून ठेवलेल्या होत्या. गवताच्या गादीवर माझे तानपुरे. तपासणीच्या बाई टेबलापाशी होत्या, खानोलकरमॅडम. पन्नाशीच्या, केस पांढरे, गळ्यात चष्मा आणि दोरीला बांधलेलं भिंग. मी एका दमात सगळं सांगितलं. त्यांनी ऐकून घेतलं.

"म्हणजे शिसवाच्या खुंट्या काढणार, बाभळीच्या घालणार?"

"हो मॅडम."

"इथं? आत्ता?"

"हो मॅडम."

त्यांनी भिंतीवरच्या घड्याळाकडे पाहिलं. "शिसवाचा एक तुकडाही पेटीत राहता कामा नये. काढलेल्या खुंट्या मला मोजून हव्यात. करा."

मी ओढणी कमरेला खोचली आणि बसले. हमाल गोळा झाले. कुणीतरी विचारलं, ह्या भोपळ्याची भाजी करतात का. मी म्हटलं, "करतात, पण आधी पन्नास वर्षं वाळवतात." हशा पिकला. माझ्या अंगात नुसतं वारं भरलं होतं. पहिली खुंटी पिळून ओढली, निघाली. काळी, दांड्यावर खडूची पूड. बाभळीची आत घातली, सैल. दुसरी, अर्ध्यात अडकली. कानस मारली, पेपर मारला, खडू लावला, पुन्हा घातली, पुन्हा काढली. भोक निमुळतं, खुंटी निमुळती, दोन्हींचा उतार तंतोतंत जुळल्याशिवाय खुंटी धरत नाही, हे मी शंभरदा ऐकलं होतं. हातांना ते ठाऊक नव्हतं. अखेर एक बसली. मी विजयी मुद्रेनं घड्याळ पाहिलं. पाऊण तास गेला होता.

पंधरा राहिल्या होत्या. गुणाकार करायची गरज नव्हती.

"अब्बा, तुम्ही दोन तानपुरे घ्या ना! तुमचा हात लवकर चालेल."

ते पेटीच्या कडेवर बसले होते, डबा मांडीवर. जागचे हलले नाहीत. माझा संताप संताप झाला. एवढ्या लांब आलात ते काय तमाशा बघायला? मी दात-ओठ खात दुसरी खुंटी ओढली. कानस सटकली, बोट कापलं. ते तोंडात धरून काम केलं. बारा वाजले तेव्हा चार खुंट्या झाल्या होत्या, त्यातली एक डुगडुगत होती. हमाल पांगले. परुळेकर घड्याळाकडे बघायचे सोडून जमिनीकडे बघायला लागले, तेव्हा मला कळलं.

"अब्बा," मी म्हटलं, "नाही होणार माझ्याच्यानं."

पुण्याचा क्लास डोळ्यांपुढे आला. पाटी, शाळा, पत्रं, सगळं गेलं. मी रडले. लाज वाटत होती, तरी रडले.

अब्बा उठले. माझ्यापाशी येऊन उकिडवे बसले. मी काढून ठेवलेल्या काळ्या खुंट्यांपैकी एक त्यांनी उचलली. मग डबा उघडला. वरच्या कप्प्यात कांदा आणि लिंबाची फोड होती. त्यांनी लिंबू घेतलं आणि खुंटीच्या दांड्यावर घासायला लागले.

"काय करताय?"

ते घासत राहिले. काळा रंग आधी करडा झाला, मग त्यांच्या बोटांवरून निळसर पाणी ओघळलं. त्यांनी कोटाच्या बाहीनं खुंटी पुसली, खिशातल्या चाकूनं एक कपचा काढला आणि ती खानोलकरमॅडमच्या टेबलावर ठेवली. शेजारी माझ्या पिशवीतली बाभळीची खुंटी ठेवली.

"मॅडम, शिसवाचा रंग लिंबानं जात नाही," अब्बा म्हणाले. "हिरड्याचा जातो."

मॅडमनी भिंग डोळ्याला लावलं. या खुंटीवर, त्या खुंटीवर, पुन्हा या. मग बाकीच्या तीन काढलेल्या मागवल्या. मग दुसऱ्या तानपुऱ्यातली त्यांनी स्वतः निवडून काढायला लावली. लिंबू संपलं तेव्हा परुळेकर कुठूनसे अजून दोन घेऊन धावत आले. ते का धावतायत हे त्यांनाही कळलं नसावं.

"बाभूळ," मॅडम म्हणाल्या. "सगळी बाभूळ. शिसव कुठंच नाही."

मी आ वासून अब्बांकडे पाहत होते. त्यांनी माझ्याकडे पाहिलं नाही, ते मॅडमशीच बोलत राहिले.

"माझ्या वडलांनी पहिल्यांदा शिसवच लावलेलं. त्यांच्या हातची शिसवी खुंटी पावसाळ्यात सुटायची. बाभूळ सुटत नाही. पण बाभळीची खुंटी म्हटलं की गवई तानपुऱ्याला हात लावायचे नाहीत. बाभळीचं काय, कुंपणाला लावतात. मग वडलांनी हिरडे आणि गंजके खिळे पाण्यात कुजवून बाभूळ काळी केली. लोक म्हणाले, वा, शिसव. वडील गप्प बसले. मग चिठ्ठीवर लिहायला लागले."

"म्हणजे चांगला माल खोट्या नावानं विकलात."

"होय, मॅडम. वडलांनी तीस वर्षं, मी पस्तीस. आज बाभूळ काढून बाभूळच घालायला हात उचलला नाही."

अब्बांचं नाव मिरजेपासून मुंबईपर्यंतच्या गवयांत होतं, आणि ते नाव त्यांनी लिंबाच्या दोन फोडींवर उधळून टाकलं होतं. माझा राग उफाळून आला, माया दाटून आली, दोन्ही एकदम.

"मला का नाही सांगितलं? बारा वर्षं मी त्या चिठ्ठ्या लिहितेय!"

"म्हणूनच," अब्बा म्हणाले. "तुला खरं माहीत असतं तर तू लिहिताना खोटं बोलली असतीस. आता खोटं फक्त माझं आहे."

खानोलकरमॅडमनी चष्मा काढला. त्या रागावतील असं वाटलं होतं. "एक वाजून दहा मिनिटं," त्या म्हणाल्या. "नवं बिल करा. लाकूड तूण, खुंट्या बाभूळ, हिरड्यानं रंगवलेल्या, आतल्या चिठ्ठीवरचं शिसव चूक, असं स्पष्ट लिहा. एक प्रत शाळेला पेटीतून जाईल. आणि बनवणाऱ्याचं लेखी निवेदन, सहीनिशी. बनवणारे तुम्ही?"

अब्बा पुढे झाले, पेन हातात घेतलं, आणि थांबले. मग पेन त्यांनी माझ्याकडे केलं.

"हिचं नाव घाला. माझ्या सहीनं पुष्कळ खोटं खपलंय, मॅडम. हिची सही कोरी आहे."

"अब्बा, तानपुरे अजून पोचले नाहीत. करार..."

"लिही लवकर. दोनला बंद होतं."

मी टेबलावर वाकून लिहायला लागले. कापलेल्या बोटाचा डाग कागदावर पडला, मॅडम म्हणाल्या असू दे. अब्बा तिकडे पेटीपाशी बसले आणि जुन्या खुंट्या परत बसवायला लागले. लिंबू लागलेल्यांचे दांडे पुसायचे, खडू लावायचा, एकदा फिरवायचं, दाबायचं, झालं. मी चार खुंट्यांना घालवला तेवढ्या वेळात त्यांनी चारही तानपुरे तयार केले असते. मी बसवलेल्या चार त्यांनी तपासल्या. तीन काढल्या. एक राहू दिली.

"ही बसलीय," ते म्हणाले.

त्या तानपुऱ्यात तीन काळ्या खुंट्या आणि एक पिवळी, असं ध्यान हॉलंडला गेलं. दोनला पाच मिनिटं कमी असताना परुळेकरांनी शेवटचा शिक्का मारून घेतला आणि चक्क माझ्याशी हात मिळवून उडी मारली. त्यांच्या फायली सगळ्या जमिनीवर पसरल्या.

परतीच्या गाडीत अब्बा मला सांगत होते. हिरडे किती, पाणी किती, खिळे कसे गंजलेले हवेत, पिंपाचं झाकण कधी उघडायचं. मी म्हटलं, "आता कशाला? आता तर सगळ्यांना कळणार."

"कळू दे. काम तर यायला पाहिजे."

सोमवारी संध्याकाळी परुळेकरांचा निरोप आला, माल सुटला. मार्चमध्ये रॉटरडॅमहून पत्र आलं. शाळेत हीटर चालतो, हवा कोरडी असते, बाकीची वाद्यं दिवसातून दहादा उतरतात. तुमच्या खुंट्या जागच्या हलत नाहीत. आणखी सहा तानपुरे हवेत. आणि एक विनंती, त्या एका पिवळ्या खुंटीसारख्याच सगळ्या ठेवता येतील का?

मी ते पत्र अब्बांना वाचून दाखवलं. त्यांनी दुसऱ्यांदा वाचायला लावलं. मग ते पडवीत गेले आणि राजारामकाकांना म्हणाले, "पिंप ओतून टाका." मिरजेतले दोन-चार गवई नंतर आले, रागावले, भांडले. एक जण तानपुरा परत करायला घेऊन आला, ओट्यावर बसून सूर लावून बघितला आणि परत घेऊन गेला. पाटी रंगवून आली ती अब्बांनी स्वतः खिळे ठोकून लावली.

त्या वर्षी ईद जूनमध्ये आली. मी सवयीनं सकाळी लिंबू कापलं आणि मोरीवर ठेवलं. अब्बा अंघोळ करून, कोट घालून, अत्तर लावून नमाजला निघूनही गेले. लिंबू होतं तिथंच होतं. मी ते सरबतात पिळलं.